मरळीसाठी रबरी बेडूक: चार पावसाळे वापरून झाल्यावर

मरळ माशाच्या मागे लागलेल्या कुणाचाही गळाच्या सामानाचा डबा उघडून बघा, वरच्या कप्प्यात दोनतीन रबरी बेडूक असणार म्हणजे असणारच. मिनो, स्पून, स्पिनर ही बाकीची नकली आमिषं, म्हणजे ल्युअर, सगळी खाली, बेडूक तेवढा हाताशी. मी गळ टाकायला लागलो तेव्हा आमच्याकडे मरळ म्हणजे गांडूळ, नाहीतर बारकी मासळी, नाहीतर सरळ जिवंत बेडूक गळाला लावायचा, एवढंच माहीत होतं. आता कॉलेजातली पोरं पहिला रॉड घेतात तेव्हाच सोबत बेडूक घेतात. एवढं काय आहे त्याच्यात, खरंच कामाचा आहे की व्हिडिओ बघून लागलेलं वेड आहे, हे लोक मला सारखं विचारतात, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून टाकू.

आधी सांगतो मी कुठे वापरतो, कारण त्याच्यावरच सगळं अवलंबून आहे. मी नागपूरला असतो, सासर साकोलीकडे, त्यामुळे जास्त करून भंडारा गोंदियाकडचे मामा तलाव. मामा म्हणजे माजी मालगुजारी. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी बांधलेले तलाव, मालगुजारी म्हणजे इकडची जमीनदारी, ती १९५० च्या कायद्याने गेली आणि तलाव सरकारकडे आले, पण नाव तेच राहिलं. हे तलाव उथळ, काठाला पाणकणीस आणि बेशरम, मधे कमळ, शिंगाडा, कुठे कुठे जलपर्णीची चादर. बरेचसे तलाव ढिवरांच्या, म्हणजे इकडच्या मासेमारांच्या, सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तर पहिलं काम संस्थेच्या माणसाला भेटून विचारायचं, जे काय पैसे म्हणतील ते द्यायचे, मग रॉड उघडायचा. न विचारता टाकला आणि कुणी उठवलं तर चूक आपलीच.

तर अशा पाण्यात मरळ राहते कुठे, तर नेमकी जिथे आपला गळ जाऊ शकत नाही तिथे. पानांच्या खाली, गवताच्या भेगांमधे, काठापासून हातभर अंतरावर. मिनोला खाली दोन तिहेरी गळ असतात, तो टाकला की पहिल्याच हाताला पाव किलो गवत घेऊन येतो, स्पूनचंही तेच, आणि प्रत्येक वेळी गवत काढत बसलं की निम्मी सकाळ त्यातच जाते. बेडकाचं तसं नाही. तो सरळ पानावर टाकायचा, पानावरून ओढत आणायचा, भेग आली की थांबवायचा, थरथरवायचा, परत पुढच्या पानावर चढवायचा. कुठेच अडकत नाही. आणि बेडूक खऱ्यातही असाच पानावरून पाण्यात उडी मारतो ना, मरळीला तेच खायची सवय. एवढा चालतोय त्याचं मूळ कारण हे आहे, बाकी रंगबिंग नंतरच्या गोष्टी.

आता वस्तू जवळून बघू. अंग पोकळ, मऊ रबरी प्लॅस्टिकचं, अंगठ्याएवढं लांब किंवा थोडं मोठं. नाकातून एक कडी बाहेर येते, तिला दोरा बांधायचा. पोटातून शेपटीकडे एक दुहेरी गळ बाहेर निघतो आणि त्याची दोन्ही टोकं वर वळून बेडकाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी टेकलेली असतात, अशी टेकलेली की बोट फिरवलं तरी टोचत नाही. म्हणून गवतात अडकत नाही. मागे वजन असतं म्हणून पाण्यात पडला की कसाही पडो, सरळ होऊन बसतो, शेपूट थोडी बुडलेली, नाक वर. मासा जबडा मिटतो तेव्हा ते पोकळ अंग चेपतं, पाठ खाली जाते आणि लपलेली दोन टोकं उघडी पडतात. सगळी कारागिरी त्या चेपण्यात आहे. अंग चेपलं नाही तर गळ उघडा पडत नाही, मग फटके, म्हणजे माशाच्या झडपा, कितीही येऊ देत, मासा हातात येणार नाही.

हे मला पहिल्या बेडकाने शिकवलं. नागपुरातल्या एका दुकानातून घेतला होता, १८० रुपये, पाकिटावर कंपनीचं नावही धड नव्हतं. दिसायला फार सुंदर, डोळे चमकदार, पाठीवर ठिपके रंगवलेले, अगदी खरा. पहिल्या सकाळी अकरा फटके आले आणि मासे मिळाले दोन. नऊ वेळा पाणी फुटलं, बेडूक खाली गेला, मी रॉड उचलला आणि बेडूक उडून माझ्याच अंगावर आला. मला वाटलं माझंच टायमिंग चुकतंय. बांधावर संस्थेचे एक काकाजी बसून बघत होते, त्यांनी बेडूक हातात घेतला, दोन बोटांत धरून दाबला, परत दाबला आणि म्हणाले, "दबूनच नाही रायला भाऊ. मासा काय दगड चावते का?" म्हटलं, काकाजी, याचं अंग रबरी आहे. तर म्हणाले, "रबरी हाये, पण जाड हाये. चप्पलही रबरीच राहते." आयुष्यात कधी ल्युअर वापरला नव्हता त्या माणसाने, पण माशाचा जबडा त्यांना माहीत होता. त्या दिवसापासून मी दुकानात बेडूक आधी दाबून बघतो. अंगठ्याने पाठ दाबल्यावर दोन्ही टोकं सहज वर आली पाहिजेत आणि सोडल्यावर अंग लगेच फुगून जाग्यावर आलं पाहिजे. जोर लावावा लागला तर तो बेडूक फोटोसाठी ठीक आहे, मरळीसाठी नाही.

नंतर पैसे साठवून दोन चांगले घेतले, एक बूया कंपनीचा पॅड क्रॅशर आणि एक स्प्रो कंपनीचा ब्राँझआय ६५. दोन्ही अमेरिकेत बास माशासाठी बनवलेले, पण मरळीला कुठे माहीत आहे ते. पॅड क्रॅशर अडीच इंची, वजन अर्धा औंस म्हणजे साधारण १४ ग्रॅम, पोटाचा आकारच असा की झटके दिले तर नाक डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे असं फिरवत एकाच जागी नाचतो. भेग छोटी असेल, ताटाएवढी, तर त्या ताटातच त्याला अर्धा मिनिट खेळवता येतं, पुढे सरकतच नाही. मरळीला तेवढा वेळ लागतो, ती लांबून पान हलवत येते, येताना दिसते सुद्धा, आणि ते बघून हात थरथरतो तो वेगळा. ब्राँझआय ६५ म्हणजे ६५ मिलिमीटर, तो डीन रोहास नावाच्या नामांकित बास अँगलरने डिझाइन केलेला, गळ गामाकात्सू या जपानी कंपनीचा. त्याचा गळ हे माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं भांडवल. मरळीचं तोंड आतून हाडकं आणि कडक असतं, वर दातांची ओळ, साध्या मऊ लोखंडाचा गळ तिथे घसरतो नाहीतर उघडतो. चांगला गळ एकदा बसला की बसला. दोघांत एकच घे म्हणालात तर उघड्या भेगांसाठी पॅड क्रॅशर, जाड चादरीवर ब्राँझआय.

ही कल्पना नवी मुळीच नाही हं. पोकळ अंगाचा बेडूक अमेरिकेत हॅरी एहलर्स नावाच्या माणसाने १९५७ साली आणला, त्याच्या कंपनीचं नाव स्नॅग प्रूफ, म्हणजे न अडकणारा, आणि आजही जगात बनणारे सगळे पोकळ बेडूक त्याच तत्त्वावर चालतात. तिकडून तो थायलंड, मलेशियात गेला, तिथे मरळ जातीच्या माशांवर वापरायला लागले, त्यांनी त्याला मागे छोटं फिरणारं पातं जोडलं, आणि ते पात्याचे बेडूक आपल्याकडे आले. दुकानांत आता दोन्ही मिळतात. पात्यावाला उघड्या पाण्यात मस्त, खळबळ करत येतो आणि लांबून मासा बोलावतो, पण गवतात पातं गोळा होतं, म्हणून मी तलावावर नेत नाही.

फटका आल्यावर काय करायचं, तर सगळ्यात जास्त मासे इथेच जातात. पाणी फुटलं की हात आपोआप वर जातो, तो थांबवायचा. मरळ कधी कधी पहिल्या झेपेत बेडूक नुसता धरते, पूर्ण तोंडात घेतलेला नसतो. रॉडचं टोक खाली, दोरा थोडा ढिला, बेडूक दिसेनासा झाला का बघायचं, मनात एक दोन म्हणायचं, दोऱ्याला ओढ जाणवली की मग सगळी ताकद लावून मागे. हळूच नाही, सगळी ताकद. आणि लागली की लगेच ओढत गवताच्या वर काढायची, तिला खाली जाऊ दिलं तर ती मुळांभोवती दोरा गुंडाळते आणि मग सुटका नाही. त्यामुळे इथे साधा नायलॉन दोरा चालत नाही, ताणतो. ब्रेडेड लाइन म्हणजे विणलेला दोरा पाहिजे, ४० पाउंड ताकदीच्या आसपास, आणि सात फुटी कडक रॉड. हलका लवचीक रॉड घेऊन बेडूक वापरणारे मी बघितलेत, बिचारे दिवसभर फटके खातात आणि रिकामे घरी जातात, आणि वर बेडकाला नावं ठेवतात.

रंगाबद्दल लोक फार वाद घालतात. माझं मत सांगतो. मरळ बेडूक खालून बघते, तिला दिसतं ते पोट, पाठीवरची नक्षी आपल्यासाठी असते. ढगाळ दिवस, पहाट, संध्याकाळ या वेळी काळा, कारण आभाळासमोर काळी आकृती सगळ्यात ठळक दिसते. ऊन चढलं की पांढऱ्या किंवा पिवळ्या पोटाचा. बस, दोन रंग पुरे. चौदा रंगांचे चौदा बेडूक घेण्यापेक्षा त्याच पैशात एक चांगल्या गळाचा घ्या.

घरी आणल्यावर मी दोन गोष्टी करतो. एक, मागचे रबरी पाय कापतो, आणि दोन्ही सारखे नाही कापत, एक बोटाच्या पेराएवढा आखूड ठेवतो, त्याने तो जास्त नाचतो. पाय फार लांब ठेवले तर मरळ पायच धरते आणि गळापर्यंत पोचतच नाही. दुसरं, गळाची टोकं पक्कडने अगदी किंचित, केसभर वर उचलतो. जास्त उचललं तर गवत धरतो. जाड चादर असेल तर पोटात दोनचार शिशाचे छर्रे टाकतो, वजन वाढतं, पान दाबलं जातं आणि खाली बसलेल्या मरळीला हालचाल कळते. आणि एक त्रास सगळ्याच बेडकांचा, स्वस्त असो की महाग, जिथून गळ बाहेर येतो तिथून पाणी आत शिरतं. दहापंधरा फेकींनंतर तो जड होतो, खाली बसायला लागतो. तर मधे मधे हातात धरून पिळायचा, पिचकारी उडते, की परत हलका. दातांनी भोक पडलं तर घरी आणून कोरडा करून सुपरग्लूचा थेंब. माझ्या एका बेडकावर अशी पाच ठिगळं आहेत आणि तो अजून पाण्यावर आहे.

जिवंत बेडकाबद्दलही बोललं पाहिजे, कारण रबरी बेडकाने सगळ्यात मोठं कोणतं काम केलं असेल तर ते हे. आमच्याकडे पावसाळ्यात पोरं पिशवीभर बेडूक धरून आणायची, कमरेत दोरा बांधून किंवा पाठीतून गळ घालून पाण्यावर नाचवायची. दिवसाला वीसवीस जीव. बेडूक शेतातले किडे खातो हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत आहे, आपल्या देशाने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली त्याच्या मागेही ही काळजी होती. आता तीच पोरं रबरी बेडूक वापरतात, आणि तो आठवडाभरही पुरतो आणि तीन वर्षंही. ही गोष्ट मला मनापासून आवडते.

पण याच लोकप्रियतेची एक बाजू मला सहन होत नाही. मरळ पावसाळ्यात अंडी घालते आणि पिल्लं झाली की आईबाप दोघं सोडून जात नाहीत. पिल्लं लालसर केशरी, शेकड्याने, एका गोळ्यात फिरतात, आणि मरळीला वरची हवा घ्यावीच लागते त्यामुळे तो गोळा थोड्या थोड्या वेळाने वर येतो, तेव्हा पाण्याच्या तेवढ्याच तुकड्यावर पाऊस पडतोय असं वाटतं, बाकी तलाव शांत. खाली आई असते. त्या गोळ्यावर बेडूक टाकला की ती फटका मारतेच मारते, भूक म्हणून नाही, पिल्लांच्या अंगावर काहीतरी आलं म्हणून. सगळ्यात सोपा मासा. व्हिडिओंमधे जे मोठमोठे फटके दिसतात त्यातले कितीतरी असेच, खाली नीट बघा, लाल गोळा दिसतो. आई काढली की बाकीचे मासे तासाभरात पिल्लं साफ करतात. मी एकदा केलंय हे, पहिल्या वर्षी, माहीत नव्हतं. आई काठावर माझ्या हातात, आणि समोर तो केशरी गोळा फुटून चारी बाजूंना पसरला, आणि मग पाण्यात एक एक टपटप सुरू झाली. मी ती मरळ सोडली, पण ती परत त्याच जागी गेली का ते कळायला मार्ग नव्हता. तेव्हापासून गोळा दिसला की बेडूक गुंडाळतो आणि दुसऱ्या काठाला जातो. आणि सोबतच्यालाही नेतो, तो कितीही चिडला तरी.

गंमत बघा, माझा मावसभाऊ व्हर्जिनियात आहे, तिकडे पोटोमॅक नदीत मरळीचीच एक बहीण, उत्तरेकडची चिनी जात, बाहेरून येऊन वाढलीये. मेरीलँडच्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात २००२ साली सापडली तेव्हा केवढा गोंधळ झाला होता. तिथे ती जिवंत बाळगायला बंदी आहे, सरकारच म्हणतं पकडा आणि खा. त्याने विचारलं काय वापरू, म्हटलं काही नको, बेडूक घे. पहिल्याच रविवारी फोटो आला. तोच बेडूक, तेच गवत, तिकडे पकडून खाल्ली तर नदीवर उपकार, इकडे विणीच्या दिवसांत सोडली तर तलावावर उपकार.

बेडूक कुठे चालत नाही तेही सांगतो. डिसेंबर जानेवारीच्या थंडीत मरळ सुस्त, वर येतच नाही, दिवसभर फेका, काही नाही, त्या दिवसांत खोलात हळू ओढायचं काहीतरी लावा. जोराचा वारा असेल, लाटा असतील तरी नको. उघड्या खोल धरणात, जिथे गवतच नाही, तिथे मिनो किंवा स्पिनर जास्त मासे देतो, तिथे बेडूक घेऊन उभं राहायचं कारणच नाही. जून ते ऑक्टोबर आणि परत मार्चनंतर पाणी उतरायला लागतं तेव्हा, पहाटे उजाडल्यापासून आठसाडेआठपर्यंत, ही त्याची खरी वेळ.

पैशाचं म्हणाल तर माझे दोन्ही इंपोर्टेड सातशे ते नऊशेच्या मधे पडले, त्या वेळच्या भावाने. जास्त वाटतात, मलाही वाटले होते. पण १८० चे पाच घेऊन, गंजलेले गळ फेकून, सुटलेल्या मरळी आठवत बसण्यापेक्षा एकच घ्या. आता देशी बनावटीचेही काही बरे मऊ निघालेत, अडीचतीनशेत, माझ्या साडूकडे तसला एक आहे आणि दोन पावसाळे टिकलाय, गळ मात्र त्याने बदलून दुसरा टाकला.

फक्त ऑनलाइन फोटो बघून पहिला बेडूक घेऊ नका. दुकानात जा, पाकीट उघडून द्या म्हणा, पाठीवर अंगठा ठेवा, दाबा, दोन्ही टोकं वर येतात का बघा. उघडून द्यायला नाही म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.